चीक, डिंक आणि गाडीचा रंग

आता गावात दारोदार गाडी आहे. कोणाची मोटारसायकल, कोणाचा ट्रॅक्टर, कोणाची जीप, कोणाचा टेम्पो. पुष्कळांनी ती कर्ज काढून घेतलेली असते. हप्ते चालू असतात. ऊन लागू नये म्हणून माणूस गाडी झाडाखाली उभी करतो. ते बरोबरच आहे. उन्हाने रंग विटतो, सीट तडकते, रबर कडक होते. पण झाडाखाली दुसरी पीडा असते. सकाळी उठून पाहावे तो टाकीवर, टपावर, बॉनेटवर डाग पडलेले. काही पिवळे, काही काळे, काही नुसतेच चिकट. मग चिडून कोणी ब्लेड घेतो, कोणी चुलीतली राख घेतो, कोणी भांड्याची तारेची घासणी घेतो. डाग निघतो खरा, पण त्याबरोबर रंगही निघतो. पुढे गाडी विकायला काढली की गिऱ्हाईक तेवढ्याच जागी बोट ठेवते आणि किंमत पाडते.

हे डाग काढायला महागडे औषध लागत नाही. बहुतेक सामान घरातच असते. मात्र डाग कसला आहे हे आधी ओळखता आले पाहिजे.

झाडावरून जे जे चिकट पडते, त्या सगळ्याला आपण 'चीक' म्हणून मोकळे होतो. पण त्यात निरनिराळ्या जाती आहेत. एकीला पाणी लागते, दुसरीला तेल लागते. मीठ पाण्यात विरघळते, तेलात विरघळत नाही. मेण तेलात विरघळते, पाण्यात विरघळत नाही. झाडाच्या रसाचे तसेच आहे. तो ज्या जातीचा, त्या जातीचीच वस्तू त्याला सोडवते.

पहिला डिंक. बाभूळ, धावडा, कडुनिंब यांच्या सालीतून तो पाझरतो. झाडाला जखम झाली की ती बुजवण्यासाठी झाड हा रस सोडते. वाळला की काचेच्या खड्यासारखा दिसतो. बाळंतिणीच्या लाडवात घालतात तोच हा. पूर्वी शाळेत आम्ही बाभळीचा डिंक रात्री वाटीत भिजत घालत असू. सकाळपर्यंत तो पाण्यात मिळून जाई. त्याने फाटकी पुस्तके आणि हजेरीपट चिकटवीत असू. म्हणजे बाभळीच्या डिंकाला पाणीच पुरते. काही डिंक पुरते विरघळत नाहीत, नुसते फुगतात. शेवग्याचा आणि कडायाचा डिंक तसा आहे. पण फुगला की तोही मऊ पडतो आणि ओल्या फडक्याने निघतो. ट्रॅक्टर बाभळीखाली उभा होता आणि त्यावर पिवळे, पारदर्शक खडे दिसले, तर निम्मी काळजी सोडून द्या.

दुसरा खरा चीक. तो दुधासारखा पांढरा असतो. वड, पिंपळ, उंबर, फणस, रुई, शेर यांचे पान तोडले की लगेच दिसतो. या दुधात रबराचा अंश असतो. वाळल्यावर ते तपकिरी, काळपट होते आणि ओढले तर ताणते. पूर्वी लोक वडाच्या चिकाचा लासा करून फांदीला लावत आणि त्यात पाखरे धरत. एवढी त्याची पकड. याला पाणी चालत नाही. कितीही धुवा, तो जागचा हलायचा नाही. पण कोकणातल्या बायकांना याचे औषध पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. फणस चिरायला बसण्याआधी त्या हाताला आणि विळीला खोबरेल तेल लावतात. तेलामुळे चीक चिकटत नाही, आणि चिकटलाच तर तेलानेच सुटतो. गाडीलाही हेच औषध लागू पडते.

तिसरी राळ. डोंगरातल्या सालईच्या झाडातून ती निघते. उत्तरेकडे हिमाचल आणि उत्तराखंडात चीड नावाचे झाड आहे, त्याच्या खोडाला खाचा घालून ती गोळा करतात. तिकडे तिला लिसा म्हणतात. तीच राळ भट्टीत तापवून तिच्यापासून टर्पेंटाइन काढतात. पूर्वी रंगारी वापरत तेच हे टर्पेंटाइन. आता गंमत पाहा. राळेचा डाग टर्पेंटाइनने निघतो. काट्याने काटा काढावा तसे झाले हे. स्पिरिटनेही राळ सुटते. आंब्याच्या देठातून जो चीक उडतो, त्यातही राळेचा तेलकट अंश असतो. तो कातडीला लागला की चुरचुरते, फळावर पडला की काळा डाग पडतो. म्हणून आंबा देठासकट उतरवतात. आंब्याची पाटी गाडीच्या टपावर ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

बिब्ब्याची गोष्ट निराळी. परीट लोक बिब्ब्याच्या तेलाने कपड्यावर खूण करीत, कारण ती धुऊन जात नसे. ते तेल अंगाला लागले तर कातडी उतते. बिब्ब्याच्या झाडाखाली गाडी लावूच नये.

आता चौथी जात. ती सगळ्यांत जास्त आढळते, आणि तिच्याविषयी गैरसमजही सगळ्यांत जास्त आहे. पौष-माघात आंबा मोहरतो. तेव्हा आंब्याखाली गाडी ठेवली की तिच्यावर बारीक बारीक चिकट थेंबांचा सडा पडतो. लोक म्हणतात, आंबा गळतोय. आंबा गळत नसतो. मोहरावर तुडतुडे नावाचे बारीक किडे बसलेले असतात. ते मोहराचा आणि कोवळ्या पानांचा रस शोषतात. रसात साखर फार असते. तेवढी त्यांना पचत नाही. उरलेली साखर ते मागून टाकून देतात. तेच हे थेंब. मावा आणि पिठ्या ढेकूण हेही असेच करतात. हे थेंब पानावर पडून राहिले की त्यांच्यावर काळी बुरशी वाढते. झाड काजळी फासल्यासारखे दिसते. ते थेंब गाडीवर राहिले तर तिथेही धूळ आणि बुरशी बसून काळे ठिपके होतात. पण मूळ वस्तू साखर. साखर पाण्यात विरघळते. ताजे असताना नुसत्या पाण्याने हा सगळा सडा धुऊन जातो.

हे ठाऊक नसले तर काय होते, ते सांगतो. एका बाजारगावात नाक्यावर मोठा आंबा होता. त्याच्या सावलीत टेम्पो उभे राहत, आणि बाजूलाच भाजी विकणाऱ्या बाया बसत. टेम्पोवाल्यांचे म्हणणे पडले, 'हे झाड गाड्या नासवतंय, तोडून टाका.' बायांनी विचारले, 'मग आम्ही चैत्र-वैशाखात बसायचं कुठं? दुपारपर्यंत भाजी वाळून जाईल.' गोष्ट ग्रामसभेपर्यंत गेली. चांगली जुंपली. तेव्हा शेतीखात्याच्या माणसाने एक डहाळी खाली वाकवून दाखवली. ती हलवताच तुडतुडे भुर्रकन उडाले. मग एका पोराने बादलीभर पाणी आणून टेम्पोचे टप धुतले. डाग निघून गेले. सवाल एवढाच उरला, की मोहराच्या दोन महिन्यांत टेम्पो दहा पावले बाजूला लावायचे. ते कबूल झाले. झाड अजून उभे आहे. आणि एक सांगून ठेवतो. आंबा, फणस, चिंच ही झाडे मनाला आले म्हणून तोडता येत नाहीत. झाडे तोडण्यावर नियंत्रण घालणारा कायदा महाराष्ट्रात १९६४ साली झाला आहे. झाड आपल्या मालकीचे असले तरी आधी परवानगी काढावी लागते.

आता गाडीच्या रंगाकडे वळू. रंग म्हणजे एकच थर नव्हे. भिंतीला आधी अस्तर देतात आणि मग रंग लावतात, तसेच पत्र्याचेही आहे. मोटारीच्या पत्र्यावर आधी गंज न चढावा म्हणून अस्तर, मग रंग, आणि त्यावर पारदर्शक लाखेसारखा एक थर असतो. चमक असते ती या वरच्या थराची. हे सगळे थर मिळून जाडी एका कागदाएवढीच भरते. वरचा पारदर्शक थर तर डोक्याच्या केसापेक्षाही बारीक असतो. राख किंवा विटकरीची भुकटी घेऊन एकदा जोरात घासले की या थरावर हजारो ओरखडे उठतात. डाग निघाल्यावर ती जागा पांढरट, मंद दिसते ती यामुळेच. ट्रॅक्टरला आणि जुन्या जीपगाड्यांना बहुधा हा पारदर्शक थर नसतो. तिथे नुसता रंगच असतो. फडक्यावर गाडीचा रंग उतरू लागला तर समजावे की वरचा थर नाही, आणि हात आवरता घ्यावा.

डाग पडल्याबरोबर नुकसान होत नाही. ते उन्हाने होते. दुपारी पत्रा इतका तापतो की हात ठेववत नाही. तेव्हा रंग किंचित मऊ पडतो आणि चीक त्यात रुततो. रात्री पत्रा गार होतो. चीक वाळून आकसतो आणि रंगाला ओढून धरतो. दिवसामागून दिवस असे चालले की डागाखाली खळगा पडतो. म्हणून आजचा डाग आजच काढावा. एका दिवसाचा डाग पाच मिनिटांत निघतो. महिन्याचा डाग काढायला सकाळ जाते, आणि तरी खूण राहू शकते. पाखरांच्या विष्ठेचेही तसेच आहे. वडाखाली चिकापेक्षा तिचाच त्रास अधिक. ती रंगाला लौकर खाते. दिसली की ओल्या फडक्याने उचलावी.

आता काढायची रीत.

गाडी सावलीत घ्या. पत्रा गार होऊ द्या. मोटारसायकल असेल तर इंजिन आणि सायलेन्सरही गार होऊ द्या. मग आधी भरपूर पाणी ओतून धूळ घालवा. हे काम कोणी करत नाही. लोक धुळीवरच फडके फिरवतात. आपल्या वाटेवरच्या धुळीत बारीक वाळू असते. ती फडक्यात अडकली की फडके काचकागद होते.

धूळ गेली की कोमट पाण्यात एक सुती फडके भिजवा. जुन्या धोतराचे किंवा लुगड्याचे असेल तर फार चांगले, कारण ते धुऊन धुऊन मऊ झालेले असते. ते न पिळता डागावर पसरून ठेवा. दहा मिनिटे हात लावू नका. डिंक असेल किंवा किड्यांची साखर असेल, तर एवढ्यात मऊ होऊन फडक्याबरोबर निघेल. जरूर वाटली तर पाण्यात केस धुण्याच्या शाम्पूचे थोडे थेंब टाका. कपड्याची पावडर घेऊ नका. तिच्यात सोडा असतो. गाडीला मेण लावलेले असेल तर ते त्याने निघून जाते.

पाण्याने डाग हलला नाही, तर तो चीक आहे किंवा राळ आहे असे समजा. मग डागावर खोबरेल तेल किंवा कोणतेही गोडे तेल चोळून ठेवा. पंधरा मिनिटे थांबा. तेलाला आत शिरायला वेळ लागतो. घाईचे हे काम नव्हे. नंतर मऊ फडक्याने एकाच दिशेने पुसा. गोल गोल घासू नका. फडक्याची मळलेली बाजू दर वेळी बदला, नाहीतर सुटलेला चीक पुन्हा दुसऱ्या जागी लागतो. जाड डाग एकदा तेल लावून निघत नाही. दुसऱ्यांदा लावा, तिसऱ्यांदा लावा. नखाने उचकटू नका. बोटाच्या पेराने हलकेच सरकवून पाहा.

तेलानेही उरला तर स्पिरिट. औषधाच्या दुकानात मिळते. नसेल तर २०२० च्या साथीपासून हात धुण्याचे सॅनिटायझर पुष्कळ घरांत पडून असते. त्यात बहुधा तीच वस्तू असते. आधी गाडीच्या दिसत नसलेल्या कोपऱ्यात, दाराच्या आतल्या कडेला किंवा सीटखाली, एक थेंब लावून पुसून पाहा. कापसावर रंग आला तर तिथेच थांबा. ती गाडी पुन्हा रंगवलेली असेल, आणि तो रंग कच्चा असेल. रंग आला नाही तर कापसाचा बोळा ओला करून डागावर अर्धा मिनिट धरा आणि पुसून घ्या. लगेच साबणाच्या पाण्याने ती जागा धुवा. स्पिरिट रंगावर तसेच वाळू देणे बरे नव्हे. राळेच्या डागाला टर्पेंटाइनही याच रीतीने लावावे, आणि तेही धुऊन काढावे.

रंगाच्या दुकानातला थिनर मात्र आणू नका. थिनरचे कामच मुळी रंग पातळ करण्याचे. तो डाग आणि रंग असा भेद करीत नाही. नखांचा रंग काढायचे पाणीही त्याच जातीचे.

इथे कोणीतरी म्हणेलच, 'गुरुजी, पेट्रोलानं तर पटकन निघतंय की!' निघते, हे खरे. पण पेट्रोलची वाफ थंडीच्या दिवसांतही निघत असते. ती डोळ्यांना दिसत नाही. हवेपेक्षा जड असल्यामुळे ती वर न जाता जमिनीलगत पसरत जाते आणि लांबच्या चुलीपर्यंत किंवा बिडीपर्यंत पोचते. मग ज्वाला त्याच वाटेने उलटी येते. माझ्या पाहण्यातला एक पोरगा आहे. चुलत्याची नवी मोटारसायकल लग्नासाठी चकाचक करायला बसला होता. पेट्रोलात भिजलेले फडके हातात, आणि पाच-सहा हातांवर पाणी तापवायची चूल. फडक्याने पेट घेतला. गाडी वाचली, पण त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे आजही पुरती वळत नाहीत. एका डागाची एवढी किंमत! रॉकेलने धोका कमी असतो, पण असतोच. टर्पेंटाइन आणि स्पिरिटही पेट घेतात. म्हणून यातले काहीही वापरायचे तर उघड्यावर, चूल-बिडीपासून दूर, आणि पोराबाळांना लांब ठेवून. भिजलेली फडकी घरात गोळा करून ठेवू नका. उघड्यावर पसरून वाळू द्या.

आणखी एक सांगायचे म्हणजे, चीक काढताना हात डोळ्यांना लावू नका. रुई आणि शेर यांचा चीक डोळ्यात गेला तर फार दाह होतो, दृष्टीलाही धोका पोचतो. गेलाच तर स्वच्छ पाण्याने बराच वेळ डोळा धुवा आणि तसेच दवाखान्यात जा. घरगुती औषधे घालत बसू नका.

पत्र्याची रीत काचेला आणि प्लॅस्टिकला लावू नये. पुढच्या काचेवरचा डाग काच ओली करून, ब्लेड आडवे धरून खरवडला तर चालतो, कारण काच कठीण असते. पण पुढचे दिवे हल्ली प्लॅस्टिकचे असतात. त्यांना पेट्रोल, थिनर लागले की बारीक तडे जातात आणि दिवा आंधळा होतो. तिथे कोमट पाणी, शाम्पू आणि तेल यांवरच भागवावे.

सगळे झाल्यावर गाडी साध्या पाण्याने धुवा आणि कोरडी पुसा. तेलाचा अंश राहिला तर त्यावर धूळ बसते. जमले तर गाडीला लावायचे मेण आणून पातळ हात द्या. देवघरातली मेणबत्ती त्या कामाची नाही. चांगल्या मेणात बहुधा कार्नोबा नावाचे मेण असते. ते ब्राझील देशातल्या एका ताडाच्या जातीच्या पानांवर धरते. पाने वाळवून, झोडपून ते काढतात. म्हणजे इकडच्या झाडापासून गाडी वाचवायला तिकडचे झाड कामाला आले! मेणाच्या हातामुळे पुढचा चीक रंगावर न बसता मेणावर बसतो आणि सहज निघतो. दर दोन-तीन महिन्यांनी हात दिला तर पुरे.

डाग निघाला, पण खळगा किंवा पांढरी खूण राहिली, तर मात्र घरचे उपाय थांबवा. तालुक्याच्या गावी गाड्या रंगवणारा असतो, त्याला दाखवा. खूण वरवरची असेल तर तो पॉलिश मारून घालवतो. त्याला फार पैसे पडत नाहीत. खूण रंगापर्यंत उतरली असेल तर तेवढा भाग पुन्हा रंगवावा लागतो. काम करायच्या आधी किंमत ठरवून घ्या, आणि पूर्ण दार रंगवायचे की तेवढाच ठिपका, हेही विचारून घ्या. पत्रा उघडा पडलेला दिसला तर वाट पाहू नका. पावसाळ्याच्या आत त्यावर रंग चढला पाहिजे, नाहीतर तिथून गंज धरतो.

गाडी कुठे लावावी, एवढे राहिले. कडुनिंब, चिंच ही झाडे बरी. मोहरात आंबा टाळावा, फळे पिकल्यावर वड-उंबर टाळावेत, फांद्या छाटल्यावर महिनाभर बाभूळ टाळावी. दुसरी सावलीच नसेल तर जुने सुती पांघरूण टाकावे. प्लॅस्टिकचा कागद उन्हात थेट रंगावर टाकू नये, तो तापून चिकटतो. आणि पांघरूण टाकण्याआधी गाडीवरची धूळ झाडून घ्यावी. नाहीतर वाऱ्याने पांघरूण हलत राहते आणि रात्रभर गाडीला काचकागद लागत राहतो.